टीडीएस नको, क्लोरीन विचारा

स्वयंपाकघराच्या ओट्यावर दोन ग्लास ठेवलेले असतात. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात आरओ यंत्रातून आलेलं. विक्रेता पिशवीतून एक उपकरण काढतो, त्याच्या सळ्या दोन्ही ग्लासांत सोडतो, पिन बोर्डात खुपसतो आणि बटण दाबतो. बघता बघता नळाचं पाणी पिवळं पडतं, मग तपकिरी, मग काळपट हिरवं. वर फेस येतो, तळाशी गाळ बसतो. दुसरा ग्लास नितळच राहतो. आजी तोंडाला पदर लावतात. ‘हे तुम्ही रोज पिता, ताई,’ असं विक्रेता म्हणतो आणि काही हजारांचा सौदा ओट्यापाशीच पक्का होतो.

ही उघड फसवणूक आहे. ग्लासात दिसणारा गाळ सळईचा असतो. नळाच्या पाण्यात क्षार असतात, म्हणून त्यातून वीज वाहते, लोखंडी सळई झिजते आणि तिचा गंज पाण्यात उतरतो. यंत्राने क्षार काढून टाकलेल्या पाण्यातून वीज जेमतेम वाहते, त्यामुळे तिथली सळई शाबूत राहते. पुढच्या वेळी कुणी हा प्रयोग दाखवायला आलं, तर त्याच्या नितळ ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि पुन्हा बटण दाबायला सांगा. तोही ग्लास तसाच काळा पडेल. चिमूटभर मिठाने पाणी विषारी होत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

पैसे गेले ते गेलेच. त्याहून मोठं नुकसान असं की, या खेळाने घराघरांत पाण्याबद्दल एक चुकीचा प्रश्न रुजवला: ‘तुमच्याकडे टीडीएस किती?’ सोसायटीच्या मीटिंगमध्ये हाच प्रश्न, फ्लॅट बघायला गेलं तरी हाच. खिशातून पेनाएवढा मीटर निघतो, पाण्यात बुडतो, आकडा कमी दिसला की सगळे निर्धास्त होतात.

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार: कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम वगैरे. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत टीडीएस स्वीकारतं आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतं. मीटर फक्त पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज सांगतो. जंतू त्याला दिसत नाहीत. कॉलरा, टायफॉइड, काविळीचा विषाणू यांच्यापैकी कशाचाही त्याला पत्ता लागत नाही. नळाच्या पाण्यात मैल्याचा अंश मिसळला, तर आख्ख्या घराला जुलाब लागायला तेवढं पुरतं, पण मीटरवरचा आकडा जागचा हलत नाही.

माणसं मरतात ती मैल्याने. म्हणून विचारायचा प्रश्न वेगळा आहे: नळाच्या पाण्यात क्लोरीन किती उरलाय?

उरलाय, हा शब्द महत्त्वाचा. जलशुद्धीकरण केंद्रात क्लोरीन घालतातच. मैलोन् मैल पाइपातून फिरून, टाकीत चढून, पुन्हा उतरून तो तुमच्या नळापर्यंत पोचला का, हे बघायचं. मानक सांगतं की लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन उरलेला असावा आणि विषाणूंपासून संरक्षण हवं असेल तिथं किमान ०.५. एवढा उरला असेल तर दोन गोष्टी कळतात. वाटेत मोठी घाण मिसळली असती, तर तिने हा क्लोरीन केव्हाच खाऊन टाकला असता. आणि पुढे टाकीत, पिंपात थोडंफार काही गेलंच, तर ते निपटायला पहारेकरी जागेवर आहे.

खेड्यात हे काम करणारा माणूस नेमलेला आहे. त्याला जलसुरक्षक म्हणतात. तो सकाळी पाणी सुटल्यावर नळाशी जातो, काचेची छोटी नळी भरतो, त्यात ओटी या रसायनाचे काही थेंब टाकतो आणि हलवतो. पाणी पिवळं झालं की ओटी पॉझिटिव्ह, म्हणजे क्लोरीन आहे. रंग आला नाही की निगेटिव्ह. काही ठिकाणी डीपीडीची गोळी वापरतात, तिचा रंग गुलाबी येतो. तपासलेलं पाणी ओतून द्यायचं, प्यायचं नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हा नमुना टाकीखालच्या पहिल्या नळाचा घेऊन भागत नाही. तो गावाच्या शेवटच्या टोकाचा, वस्तीवरचा, पाणी सगळ्यात उशिरा आणि सगळ्यात कमी पोचतं तिथला हवा. टाकीखाली पिवळं आणि वस्तीवर पांढरं, अशी अवस्था असेल तर गाव सुरक्षित आहे असं म्हणायला कुणाची जीभ रेटू नये.

आपल्याकडे ग्रामपंचायतींना पाण्याच्या जोखमीनुसार लाल, पिवळं, हिरवं कार्ड देण्याची पद्धत आहे. स्रोताच्या भोवती घाण आहे का, पाइप गळतात का, टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, साठवलंय का, हे पाहून कार्ड ठरतं. तुमच्या गावाचं कार्ड कोणत्या रंगाचं आहे? ग्रामसभेत हा प्रश्न किती वेळा विचारला गेला? आणि टीसीएलचं पोतं आहे म्हणजे झालं असंही समजू नका. ताज्या ब्लीचिंग पावडरीत साधारण ३३ टक्के उपयोगी क्लोरीन असतो. ओल आलेल्या खोलीत तोंड उघडं टाकलेल्या पोत्यातून तो उडून जातो आणि मागे उरतो निव्वळ चुना. तो चुना टाकीत घालून वहीत ‘शुद्धीकरण केले’ असं लिहिणं हा गुन्हा आहे.

शहरात तर असा माणूस आपल्या गल्लीत येतो की नाही, हेच आपल्याला ठाऊक नसतं. वर क्लोरीनचा जरा वास आला की आपण तक्रार करतो. पाण्याला औषधाचा वास येतोय, चहाची चव बिघडली. अहो, तो वास म्हणजे पाण्यावर कुणाचं तरी लक्ष असल्याची खूण आहे. भांडं झाकून थोडा वेळ ठेवा, वास कमी होईल. तक्रार करायची असेल तर पाण्याला कधीच वास येत नाही, तेव्हा करा.

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात काय झालं ते आठवा. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गुलेन-बारे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे रुग्ण एकामागून एक निघाले. आधी जुलाब, मग हातापायांतली ताकद जाते, काहींना श्वासासाठी व्हेंटिलेटर लावावा लागतो. आकडा दोनशेच्या पुढे गेला, काहींचा जीव गेला. रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला. त्याच्याशी लढताना शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्या मज्जातंतूंवर उलटते, तो हा आजार. नांदेड, किरकटवाडी ही गावं २०२१ मध्ये महापालिकेत आली. घरांचे मजले चढले, कर लागला. पाणी मात्र विहिरीचं, शुद्धीकरण केंद्रातून न गेलेलं, नुसता क्लोरीन घातलेलं. साथीत तपासणी झाली तेव्हा काही नळांच्या पाण्यात तो क्लोरीनही शून्य निघाला.

याच साथीत महापालिकेने त्या भागातले खासगी आरओ प्रकल्पही तपासले. जारचं थंड पाणी विकणारे हेच ते. त्यातल्या अनेकांचं पाणी पिण्यालायक नव्हतं आणि त्यांना टाळं लागलं. आरओ हे नाव घेतलं की पाणी शुद्ध, या समजुतीवर एवढं उत्तर पुरेसं आहे. आरओच्या यंत्रात आधी कार्बनची गाळणी क्लोरीन काढून घेते, मग पडदा क्षार काढतो. बाहेर येणाऱ्या पाण्यात पहारेकरी उरलेला नसतो. ते पाणी न धुतलेल्या टाकीत साठवलं, हातोहात फिरणाऱ्या जारमध्ये भरलं, की जंतूंना रान मोकळं. लग्नात, ऑफिसात, गणपतीच्या मांडवात आपण तो जार बिनधास्त ओणवा करतो. त्यावर ना परवान्याची खूण, ना भरल्याची तारीख. थंडगार लागतं, म्हणून चांगलं!

आरओ सगळीकडे वाईट, असं मी म्हणत नाही. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात राहणाऱ्याला टीडीएस म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. तो जिभेवर खारं पाणी घेऊनच मोठा झालेला असतो. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडने दात आणि हाडं खराब होतात. तिथं क्षार काढणारं यंत्र हवंच, आणि ते सरकारने लावून सांभाळलं पाहिजे. पण धरणाचं गोडं पाणी पिणाऱ्या मुंबई-पुण्याच्या घरात, मुळात कमी असलेले क्षार काढण्यासाठी निम्म्याहून जास्त पाणी मोरीत सोडून द्यायचं, याला काय म्हणावं? त्याच शहरांच्या कडेला बायका टँकरमागे धावतात.

धरणातून चांगलं निघालेलं पाणी घाण होतं कुठं? बरंचसं रस्त्याखाली. आपल्याकडे पाणी तास-दोन तास येतं, मग बंद. बंद असताना पाइपातला दाब जातो आणि गळक्या सांध्यातून शेजारच्या ड्रेनेजचं पाणी आत शिरतं. हुबळी-धारवाडला संशोधकांनी चोवीस तास पाण्याचा भाग आणि ठरावीक वेळी पाण्याचा भाग यांची तुलना केली आणि २०१३ मध्ये निष्कर्ष छापले. अखंड पुरवठ्याच्या नळांत ई-कोलाय हा मैल्याची खूण सांगणारा जंतू शंभरातल्या एखाद्या नमुन्यातही जेमतेम आढळला. थांबून-थांबून येणाऱ्या पाण्यात तो जवळपास दर तिसऱ्या नमुन्यात होता. स्रोत तोच, शहर तेच. कराडजवळच्या मलकापूरने मीटर लावून चोवीस तास पाणी देऊन दाखवलंय. लहान गावाला जमलं, तर मोठ्या महापालिकांनी खर्चाचं रडगाणं गाऊ नये.

आणि आपणही हात झटकू नयेत. नळाला थेट मोटर लावणारे आपणच. पाणी आलं रे आलं की टुल्लू पंप सुरू! तो पंप फक्त शेजाऱ्याचं पाणी ओढत नाही. तो पाइपातला दाब खाली नेऊन गटाराचं पाणीही ओढतो आणि ते गल्लीतल्या सगळ्यांच्या घरात जातं. सोसायटीची जमिनीखालची टाकी ड्रेनेजच्या चेंबरला लागून असते, गच्चीवरच्या टाकीचं झाकण वाऱ्याने उडालेलं असतं, टाकी शेवटची कधी धुतली ते वॉचमनलाही आठवत नाही. अशा सोसायटीतला टीडीएस १२० आहे म्हणून पेढे वाटू नका.

क्लोरीन म्हणजे जादू नव्हे, हेही सांगितलं पाहिजे. १९५५ च्या अखेरीस दिल्लीत नजफगढ नाल्याचं सांडपाणी यमुनेत उलटं फिरून शहराला पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत आलं. अधिकाऱ्यांनी क्लोरीन वाढवला. टायफॉइड-कॉलऱ्याची लाट आली नाही. काविळीचा विषाणू मात्र निसटला आणि २९ हजारांवर लोकांना कावीळ झाली. पुढे कळलं की ती हिपॅटायटिस ई होती, गरोदर बाईचा जीव घेणारी कावीळ. आपल्या इचलकरंजीनेही २०१२ मध्ये तिचा तडाखा सोसलाय. गढूळ, मैलामिश्रित पाण्यात क्लोरीन घाणीशीच झुंजत संपतो. म्हणून पावसाळ्यात पाणी गढूळ आलं तर आधी तुरटी फिरवा, निवळू द्या, दुहेरी फडक्याने गाळा, आणि मग मेडिक्लोर घालून अर्धा तास थांबा. मात्रा बाटलीवर लिहिलेली असते. नुसत्या तुरटीने पाणी स्वच्छ दिसतं, निर्जंतुक होत नाही.

मेळघाटातली गोष्ट याहून जिव्हारी लागते. जुलै २०२२, चिखलदरा तालुक्यातली पाचडोंगरी आणि कोयलारी. बिल थकलं म्हणून पाणीपुरवठ्याची वीज तोडली. नळ कोरडे पडले. लोक उघड्या विहिरीचं पाणी प्यायले, कॉलरा पसरला आणि माणसं दगावली. एका थकलेल्या बिलासाठी! कार्यालयात बसून पाण्याच्या पंपाची वीज तोडताना, ऐन पावसाळ्यात हे गाव उद्या काय पिणार, एवढा एक प्रश्न कुणालाच पडू नये? पाणीपुरवठ्याची वीज थकबाकीसाठी तोडायची नाही, असा नियम हवा आणि तो पाळला गेला पाहिजे.

घरात करण्यासारखं सगळं स्वस्त आहे, म्हणूनच बहुधा त्याची जाहिरात होत नाही. नळ सुटल्यावर पहिलं पाणी धुण्या-भांड्याला घ्या. पाइपात आत शिरलेली घाण त्याच पाण्यासोबत येते. पिण्याचं पाणी त्यानंतर भरा. माठाला तोटी लावा, नसेल तर लांब दांड्याचं ओगराळं ठेवा. आपण कालचं पाणी शिळं म्हणून ओतून देतो आणि आज भरलेल्या हंड्यात बोटं बुडवून तांब्या भरतो. घाण बोटांची असते. पाणी शिळं झाल्याने जुलाब होत नाहीत. शंका असेल तेव्हा पाणी उकळा. खळखळून उकळी फुटली की एक मिनिट पुरे, वीस मिनिटं गॅस जाळायची गरज नाही. त्याच भांड्यात झाकून गार होऊ द्या. घरात लहान मूल, गरोदर बाई किंवा केमोथेरपी चाललेला माणूस असेल तर उकळलेलंच द्या, कारण क्लोरीनला दाद न देणारे काही जंतू उकळीत मरतात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणीच नको, आईचं दूध पुरतं.

आणि तरी जुलाब लागलेच तर ओआरएस. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजत राहा आणि मुलाला दवाखान्यात न्या. ‘जुलाब होताहेत, पाणी देऊ नका’ म्हणणाऱ्या शेजाऱ्याचं ऐकू नका. जुलाबात मूल दगावतं ते अंगातलं पाणी संपल्याने.

सगळ्या गावाचं पाणी राखणं जमणार नाही, असं म्हणणाऱ्यांना नारू आठवत असेल. पायातून हातभर लांबीची अळी काडीला गुंडाळत काढायचे, ते दिवस आपल्या आजी-आजोबांनी पाहिलेत. नारूवर लस नव्हती, औषधही नव्हतं. पाणी फडक्याने गाळणं, पायऱ्यांच्या विहिरींत रोग्याला उतरू न देणं, त्या विहिरी बांधून बंदिस्त करणं, पाण्यात औषध टाकणं आणि गावोगाव रोगी शोधणं, एवढ्यावर देशातला शेवटचा रोगी १९९६ मध्ये नोंदला गेला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं. ही लढाई जिंकली ती आख्ख्या गावाचं पाणी राखून. प्रत्येक घराने आपापलं यंत्र घेऊन नारू गेला नसता.

खरं दुखणं इथंच आहे. ज्याच्या घरी यंत्र आलं, तो नळाच्या पाण्याबद्दल बोलायचा बंद झाला. त्याच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशी मात्र वस्तीवरच्या नळाचंच पाणी पितात, त्यांची मुलं शाळेच्या टाकीचं पाणी पितात, आणि तो स्वतः ज्या हॉटेलात चटणी खातो ती कोणत्या पाण्यात वाटलेली असते, हे त्याचं यंत्र सांगत नाही. वॉर्ड ऑफिसात ज्याचं ऐकलं जातं, तोच माणूस या प्रश्नातून बाहेर पडला, तर नळ सुधारणार कसा?

म्हणून हे मागू या. प्रत्येक वॉर्ड ऑफिसच्या आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर रोज एक आकडा लिहिला जावा: आज आपल्या भागातल्या शेवटच्या नळाला क्लोरीन किती होता. सोसायटीने टाकी धुतल्याची तारीख लिफ्टशेजारी लावावी. टँकर रिकामा करण्याआधी ओटी बघितली जावी. शाळेच्या टाकीचा नमुना मुलांसमोर तपासला जावा. विज्ञानाचा इतका चांगला तास दुसरा नाही. आणि पाणीपट्टीच्या बिलावर, थकबाकीचा आकडा जितक्या ठळकपणे छापतात तितक्याच ठळकपणे, गेल्या महिन्यात किती नमुने नापास झाले तेही छापावं. पैसे आपण पाण्याचे भरतो. त्या पाण्याने घरात आजारपण येणार नाही, एवढी हमी त्याच पैशात बसते, आणि ती आपण मागून घ्यायची आहे.